खिडकी ग्रँड कॅनॉलवर, हिशोब ठाण्यात

पत्राचा गोषवारा: ठाण्याच्या एका वाचक मैत्रिणीच्या लग्नाला येत्या नोव्हेंबरात दहा वर्षं होतात. नवऱ्याची कंपनी त्याला म्युनिकला आठवडाभराच्या परिषदेला पाठवते आहे. त्याचं तिकीट कंपनीचं, हिचं दोघांनी साठवलेल्या पैशातून निघालंय. परिषद आटोपली की चार रात्री व्हेनिसला काढायच्या इथपर्यंत एकमत आहे. घोडं अडलंय ते उरलेल्या दीड लाखावर. नवऱ्यानं व्हेनिसच्या अलीकडे, मुख्य भूमीवरच्या मेस्त्रेमधलं स्वस्त हॉटेल शोधून ठेवलंय, जेवणाला सुपरमार्केटची सँडविचेस आणि घरून नेलेल्या दशम्या, आणि गोंडोल्यावर सरळ काट: ‘अर्ध्या तासाचे साडेनऊ हजार?’ हिला ग्रँड कॅनॉलवर, म्हणजे व्हेनिसच्या मुख्य कालव्यावर, उघडणारी खिडकी हवी आहे, मग दोनच रात्री राहायला मिळालं तरी चालेल. जाऊबाई दोन वर्षांपूर्वी टूरबरोबर जाऊन आल्या, त्यांचा गोंडोल्यातला फोटो अजून त्यांच्या व्हॉट्सॲपवर आहे. हिनं फोटोसाठी मोरपंखी पैठणी काढून ठेवली आहे. ‘जायचं तर स्टाईलमध्ये, नाहीतर जायचंच कशाला? दहाव्या वाढदिवसालाही हा युरो मोजत बसणार असेल तर मी काय समजायचं?’ असं त्या विचारतात.

प्रिय मैत्रीण,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल होती. ‘स्टाईल’ हा शब्द सहा वेळा आलाय, ‘लोकांना काय सांगणार’ तीन वेळा, आणि व्हेनिसमध्ये तुम्हाला काय पाहायचंय ते एकदाही नाही. चिडू नका. दहा वर्षांपूर्वी मीही असंच पत्र लिहिलं असतं.

आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल. युरो मोजणारा नवरा म्हणजे प्रेम आटलेला नवरा, हे तुम्ही गृहीत धरलंय. मला पत्रात दिसला तो वेगळा माणूस. त्यानं मेस्त्रेतली हॉटेलं धुंडाळली, लोकल गाड्यांच्या वेळा काढल्या, दोन रात्रींच्या जागी चार बसवल्या. ज्याला जायचंच नसतं तो इतका खटाटोप करत नाही. तो ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणतो आणि मोकळा होतो. तुमच्या नवऱ्याला पैसे मोजल्याशिवाय ट्रिप खरी वाटत नाही, तुम्हाला ती खिडकी दिसल्याशिवाय. स्वभावाचा फरक आहे हा. पण त्याचंही एक गृहीत चुकतंय: तिथं पोचलं की झालं, बाकी सगळा चोचल्यांचा खर्च. दशम्या खात गोंडोल्याकडे बघत उभं राहायचं हा दहाव्या वाढदिवसाचा बेत होऊ शकत नाही. दशम्या गाडीत खा, म्युनिक ते व्हेनिस. तिथं त्या अमृतासारख्या लागतील.

आता तुमची खिडकी. ग्रँड कॅनॉलवर उघडणारी चांगल्या हॉटेलातली खोली नोव्हेंबरातही तुमच्या दीड लाखातला मोठा लचका तोडते. दोन रात्रींत तुम्ही रिकाम्या. आणि त्या खिडकीत तुम्ही बसणार किती वेळ? नोव्हेंबरात तिथं पाचच्या आत सूर्य मावळतो. दिवसभर तुम्ही बाहेर, रात्री परत आल्यावर पाय दुखताहेत, पडदा ओढून झोपणार. तो देखावा हवा असेल तर तो चाळीस मिनिटं, दोन्ही काठांचा, चालत्या बोटीतून मिळतो. व्हेनिसची सार्वजनिक बोट म्हणजे व्हापोरेत्तो. तिचा १ नंबर रेल्वे स्टेशनपासून सान मार्को या मुख्य चौकापर्यंत ग्रँड कॅनॉलमधून प्रत्येक थांबा घेत रमतगमत जातो. संध्याकाळी पाच-साडेपाचला, अंधार पडल्यावर, मागच्या बाजूला उघड्यावर उभं राहायला जागा मिळाली तर सोडू नका. जुन्या हवेल्यांमध्ये दिवे लागलेले असतात, पडदे ओढलेले नसतात, आणि पाण्यातून वर बघताना रंगवलेली छतं आणि काचेची झुंबरं दिसतात. खोलीच्या खिडकीतून तुम्हाला फक्त समोरची बाजू दिसली असती.

या बोटीचं एकच तिकीट साडेनऊ युरोचं, ७५ मिनिटं चालतं. २४ तासांचा पास २५ युरोचा. म्हणजे तीन फेऱ्यांतच पास वसूल. त्यातली गंमत अशी की घड्याळ सुरू होतं ते तुम्ही थांब्यावरच्या यंत्राला पास लावता तेव्हा. दुपारी चारला लावलात तर त्या संध्याकाळची ग्रँड कॅनॉलची सैर होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुरानो-बुरानो बेटं करून चारच्या आत परत. बाकीचे दिवस पायी. अख्खं शहर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तासाभरात चालून होतं. चुकत गेलात तर दीड तास, आणि चुकणार आहातच. तुमच्या नवऱ्याला हा पासाचा परिच्छेद आवर्जून वाचायला द्या, त्याला असल्या गोष्टींचा आनंद होतो असं मला वाटतं.

मेस्त्रेबद्दल मात्र मी तुमच्या बाजूनं आहे, कारण वेगळं असलं तरी. मेस्त्रेत राहणं कमीपणाचं अजिबात नाही. पालिका एकच आहे, गाडीनं दहा-बारा मिनिटांत माणूस व्हेनिसच्या सांता लुचिया स्टेशनात उतरतो, आणि तिकीटही स्वस्त. सोबत लहान मुलं असतील, सामान जड असेल किंवा ऐन हंगामात जायचं असेल, तर मी स्वतः मेस्त्रेच सांगते. पण दोघांच्याच, चार रात्रींच्या, वाढदिवसाच्या सहलीला ती दुधाची तहान ताकावर भागवणं आहे. दिवसाचं व्हेनिस सगळ्यांचं असतं. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच सान मार्को ते रिआल्तोचा पूल या पट्ट्यात दादरच्या फुलबाजारात दसऱ्याच्या आदल्या दिवशी असते तशी गर्दी. ती पाचनंतर गाड्यांनी, बसनं, बोटीनं निघून जाते. मग जे उरतं त्यासाठी राहायचं. मोटार नाही, स्कूटर नाही, सायकलसुद्धा नाही. रात्री नऊला एखाद्या पुलावर उभं राहिलात की खालच्या पाण्याचा आवाज येतो आणि कुठल्या तरी गल्लीतून एकाच माणसाच्या बुटांचा. मेस्त्रेत राहिलात तर त्या वेळी तुमचं लक्ष शेवटच्या गाडीच्या घड्याळाकडे असेल.

आणि जाऊबाईंच्या फोटोबद्दल एक आतली गोष्ट. आपल्याकडच्या बहुतेक टूर मुक्कामाला मुख्य भूमीवरच ठेवतात. सकाळी बोटीनं सान मार्कोला उतरवतात, काचकामाचं प्रात्यक्षिक, गोंडोला, मोकळा वेळ, आणि संध्याकाळच्या आत बसमध्ये. त्यांच्या फोटोत खोट काही नाही, पण बहुधा त्यांनी व्हेनिसची रात्र पाहिलेली नाही.

मुक्काम शहरात, पण सान मार्कोपासून लांब. कान्नारेजोचा उत्तरेकडचा भाग, दोर्सोदुरो, नाहीतर कास्तेल्लोची पूर्व बाजू. नोव्हेंबर हा मंदीचा महिना. या भागांत छोट्या हॉटेलात किंवा ‘लोकांदा’ म्हणतात तशा कौटुंबिक पाहुणघरात १२०-१३० युरोला नीटनेटकी खोली मिळू शकते, लवकर केलीत तर. काही ठिकाणी ख्रिस्ती जोगिणींचे मठसुद्धा खोल्या देतात, स्वच्छ आणि स्वस्त. पण रात्री ठरल्या वेळी दार बंद. वाढदिवसाला नको. खोली बघताना ‘कालव्याकडे तोंड’ असं लिहिलेलं असेल तर पैसे थोडे जास्त पडतात, पण छोट्या कालव्याची खिडकी ग्रँड कॅनॉलच्या मानानं खूपच परवडते. आणि सकाळी तिच्याखालून भाजीची, कपड्यांच्या गाठोड्यांची, सिमेंटच्या पोत्यांची बोट जाते. मला तरी महालापेक्षा ती जास्त आवडते. म्हणजे बघा, तुमची खिडकी मी काढून घेत नाहीये, नुसती गल्लीत हलवतेय.

हिशोब मांडते, म्हणजे भांडण आकड्यांवर होईल, एकमेकांवर नाही. युरो १०५ रुपये धरला तर तुमचे दीड लाख म्हणजे साधारण चौदाशे युरो. म्युनिकहून दोघांचं जाणं-येणं लवकर काढलं तर दोनशेच्या आसपास. खोली चार रात्री, ५२० आणि शहराचा मुक्काम-कर तीसेक. खाणंपिणं दिवसाला सत्तर, म्हणजे २८०. दोघांचे बोटीचे पास पन्नास. गोंडोला नव्वद. उरले २३०. यात पैठणीही बसते आणि दशम्याही.

हो, गोंडोला घातलाय. त्याचे दर पालिकेनं ठरवून दिलेले आहेत: दिवसा अर्ध्या तासाला ९०, संध्याकाळी सातनंतर ३५ मिनिटांना ११०. हा दर बोटीचा आहे, माणशी नाही. पाच जण बसले तरी तेवढाच. काही जण अनोळखी लोकांबरोबर वाटून घेतात, पण वाढदिवसाला तीन परक्या माणसांसमोर हातात हात धरणं तुम्हाला जमणार असेल तर बघा, मला नसतं जमलं. तुमची चंगळ म्हणजे नोव्हेंबर. अंधार पाचला, रात्रीचा दर सातला. साडेपाचला बसलात तर दिव्यांतली सफर दिवसाच्या दरात. सान मार्कोच्या धक्क्यावरून नको, तिथं पाणी उसळत असतं आणि बोटींची रांग. आतल्या एखाद्या छोट्या कालव्याचा थांबा गाठा, बसायच्या आधी कुठून नेणार आणि किती मिनिटं ते विचारा. गाणारा हवा असेल तर त्याचे वेगळे. गाणारा नको.

गोंडोल्याची एक गोष्ट मात्र तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. ते सगळे काळे का असतात? एके काळी व्हेनिसच्या धनिक घराण्यांमध्ये चढाओढ लागली होती, कुणाचा गोंडोला जास्त रंगीत, कुणाचा रेशमी छत्राचा, कुणाचा सोन्याच्या वर्खाचा. व्यापारावर जगणारं ते प्रजासत्ताक, त्याला ही उधळपट्टी परवडेना. सोळाव्या शतकात त्यांनी कायदेच केले, गोंडोल्यांची सजावट बंद, रंग काळा. म्हणजे जगातली सगळ्यात रोमँटिक म्हणून मिरवणारी बोट मुळात शेजाऱ्यापेक्षा भारी दिसण्यावरच्या बंदीतून अशी झाली. जाऊबाईंच्या आणि तुमच्या गोंडोल्यात काही फरक असणार नाही. तो जरा वाकडाच असतो, एकाच वल्ह्यानं सरळ जावा म्हणून डावी बाजू उजवीपेक्षा रुंद ठेवलेली असते. बसायच्या आधी पुढून नीट बघा, दिसतं.

नवरा गोंडोल्याला ‘नाही’वरच अडून बसला तर भांडू नका, त्राघेत्तो आहे. ग्रँड कॅनॉलवर पूल चारच. मधल्या काही ठिकाणी तसल्याच बिनसजावटीच्या गोंडोल्यातून लोकांना पैलतीरी सोडतात, दोन युरोत, दोन मिनिटांत. नव्वद युरो वाचतील आणि तो आयुष्यभर ही गोष्ट सांगेल.

खाण्यात तर ‘स्टाईल’चा तुमचा अर्थच उलटा होतो. व्हेनिसचा माणूस संध्याकाळी बाकारोत जातो. बाकारो म्हणजे छोटंसं दारूचं दुकान, काउंटरवर काचेखाली चिकेत्ती मांडलेले. पावाच्या किंवा तळलेल्या पोलेंताच्या (मक्याच्या पिठाची घट्ट उकड) तुकड्यावर काहीतरी, एकेक दोन-तीन युरोला. वाइनचा छोटा पेला म्हणजे ‘ओम्ब्रा’, शब्दाचा अर्थ सावली. सांगतात की सान मार्कोच्या चौकातले वाइनवाले मनोऱ्याच्या सावलीबरोबर गाडी सरकवत जायचे. हे सगळं उभ्यानं. तुमच्या नवऱ्याला मासे आवडतात म्हणालात, त्याला ‘बाकाला मांतेकातो’ द्या. सुका कॉड मासा उकडून तेलात लोण्यासारखा पांढराशुभ्र घोटलेला. आपल्याकडच्या सुक्या बोंबलाशी त्याचं नातं आहे हे पहिल्या वासाला कळतं आणि पहिल्या घासाला विसरायला होतं. तुम्ही शाकाहारी. गोर्गोन्झोला चीज आणि अक्रोड, भोपळ्याचं वाटण, आर्टिचोक, अंडं खात असाल तर उकडलेलं अर्धं अंडंही. एक सावधगिरी, निरागस दिसणाऱ्या तळलेल्या चीजच्या सँडविचमध्ये अँचोवी मासा दडलेला असतो, आणि ‘बिगोली इन साल्सा’ या पास्त्यातही. विचारून घ्या. दोन बाकारो फिरलात की रात्रीचं जेवण झालं, पंचवीस-तीस युरोत दोघांचं. रिआल्तोच्या बाजारामागे बरेच आहेत, पण लवकर मिटतात, तेव्हा साडेसहापासूनच सुरुवात करा. दोर्सोदुरोत सान त्रोवासोला गोंडोले बनवायचा, दुरुस्त करायचा जुना कारखाना आहे. लाकडी, डोंगरातल्या घरासारखा. समोरच्या काठावर बाकारो आहेत. पेला घेऊन कालव्याच्या कठड्याशी उभं राहायचं आणि पलीकडे उलटे पडलेले गोंडोले बघायचे.

आता मी स्वतः कुठं पोळले ते सांगते. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा सान मार्कोच्या परिसरात एका कॅफेत बसलो, वाद्यवृंद वाजत होता, दोन कॉफ्या घेतल्या. बिलात संगीताचे माणशी वेगळे पैसे. कार्डावर लिहिलेलं होतं, आम्ही वाचलं नव्हतं. नवरा त्या संध्याकाळी पुन्हा बोलला तो थेट हॉटेलात. कॉफी उभ्यानं काउंटरवर घेतली तर दीड युरोच्या आतबाहेर, तीच टेबलावर बसून घेतली की किंमत चढते. ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी दोन-तीन युरो बहुतेक खानावळी लावतात, ती फसवणूक नव्हे. मासळीचा भाव मात्र पुष्कळदा १०० ग्रॅमचा लिहिलेला असतो, ‘एत्तो’. अख्खा मासा मागवायच्या आधी त्याचं वजन विचारा.

उरलेले २३० युरो. यावर माझी एक सूचना आहे, आणि ती फक्त तुम्हालाच नाही, ज्या जोडप्यात एक मोजणारा आणि एक उधळणारा असतो त्या सगळ्यांना. दोघांनी प्रत्येकी एक गोष्ट हिशोबाबाहेर निवडायची. मर्यादा शंभर युरो. दुसऱ्यानं तिच्यावर तोंडातून ब्र काढायचा नाही, चेहराही करायचा नाही. तुम्हाला फ्लोरियानमध्ये बसायचं असेल, १७२० पासून चालू असलेलं कॉफीघर, तर बसा, पैठणी नेसून, संगीताच्या पैशांसकट, आणि तासभर हलू नका. त्यानं डोजचा, म्हणजे व्हेनिसच्या जुन्या राज्यप्रमुखाचा, राजवाडा निवडला, माणशी तीसच्या आसपास तिकीट, तर तुम्ही तीन तास तोफा आणि नकाशे बघायचे. माझ्या ओळखीत एकानं मुरानोतला एकच काचेचा पेला निवडला. अजून रोज त्यातच पाणी पितो.

फुकट असलेलं खूप आहे, सगळं सांगत बसत नाही. पण सान झक्कारिया चर्चमध्ये जा. डाव्या भिंतीवर जोव्हान्नी बेल्लिनीचं १५०५ सालचं चित्र आहे, मरियम, बाळ येशू, संत, आणि खाली बसून वाजवणारा देवदूत. चर्च अंधारं. जवळच्या पेटीत नाणं टाकलं की दिवा लागतो, थोडा वेळ, मग विझतो. एक जण नाणं टाकेल, चारजण धावत येऊन बघतील. खिशात चिल्लर ठेवा. खांदे-गुडघे झाकलेले हवेत, पैठणीला तो प्रश्न नाही.

पैठणीचा प्रश्न वेगळा आहे: पाणी. नोव्हेंबरात भरती चढते, ‘आक्वा आल्ता’. ऑक्टोबर २०२० पासून समुद्राच्या तोंडाशी भरती अडवणारे ‘मोझे’ यंत्रणेचे दरवाजे उभे राहतात, त्यामुळे २०१९ सारखा पूर आता सहसा येत नाही. पण सान मार्कोचा चौक सगळ्यात सखल. मध्यम भरतीतही तिथं घोटाभर पाणी येऊ शकतं, मग फळ्यांच्या मार्गिका टाकतात. फोटोचा दिवस ठरवायच्या आधी भरतीचं वेळापत्रक बघा आणि सकाळी सातला, उजाडता उजाडता चौकात जा. त्या वेळी तिथं कबुतरं, झाडूवाले आणि तुम्ही. धुकं असेल तर असू द्या. मोरपंखी रंग त्या राखाडी उजेडात असा उठून दिसेल की जाऊबाईंचं उन्हातलं छायाचित्र विसराल. आत थर्मल घाला, पाच-सात अंश असतं. पायात कोल्हापुरी नको. आणि पायऱ्यांवर बसून डबा उघडू नका, त्या चौकात त्याला दंड आहे.

आता सामान. चाकांची मोठी बॅग नेऊ नका. व्हेनिसमध्ये चारशेच्या वर पूल आहेत आणि जवळपास सगळ्यांना पायऱ्या. आमच्या दोन बॅगा होत्या, हॉटेलपर्यंत सात पूल. तिसऱ्या पुलावर आम्ही एकमेकांशी बोलायचं थांबलो होतो. मोठ्या बॅगा म्युनिकलाच ठेवा, पाठीवरच्या दोन सॅक घेऊन या. हॉटेल निवडताना किंमतीबरोबर हेही मोजा: जवळच्या बोटीच्या थांब्यापासून किती पूल.

व्हिसा थोडक्यात. तुमचा मुक्काम जर्मनीत आठवडा आणि इटलीत चार रात्री असेल तर अर्ज जर्मनीकडे, कारण जास्त दिवस तिथं. नवऱ्याबरोबरच करा. फी प्रौढांना ९० युरो, प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा. दिवसाच्या पाहुण्यांकडून शहर २०२४ पासून प्रवेशशुल्क घेतं, पण ते वसंत-उन्हाळ्यातल्या ठराविक दिवशीच, आणि मुक्कामाला राहणाऱ्यांना माफ. तुम्हाला लागू नाही. एप्रिल ते जुलैमध्ये जाणाऱ्या इतर वाचकांनी मात्र माफीची नोंद आधी ऑनलाइन करून ठेवावी, मेस्त्रेत राहणार असले तरी.

गाडीनं या, विमानानं नको. म्युनिकहून ब्रेनर घाटातून आल्प्स ओलांडून सहा-सात तास, थेट मिळाली नाही तर व्हेरोनाला बदलून. मेस्त्रे सोडल्यावर दोन-तीन मिनिटांत दोन्ही खिडक्यांत नुसतं पाणी दिसायला लागतं. तो पूल १८४६ चा आहे, जवळजवळ चार किलोमीटर. स्टेशनातून बाहेर पडलात की पायऱ्यांखाली थेट ग्रँड कॅनॉल. रिक्षा स्टँड नाही, गाड्या नाहीत, पाणीच.

एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिली नाहीत, परिषद नक्की कोणत्या तारखेला संपते. जरा बघा. २१ नोव्हेंबरला व्हेनिसमध्ये सालूतेचा उत्सव असतो. १६३० च्या प्लेगमध्ये शहर ओस पडत चाललं तेव्हा त्यांनी नवस बोलला, साथ गेली तर मरियमचं देऊळ बांधू. ते देऊळ म्हणजे ग्रँड कॅनॉलच्या तोंडाशी उभं असलेलं सांता मारिया देल्ला सालूते, पांढऱ्या दगडाचं, घुमटाचं, तुमच्या स्वप्नातल्या खिडकीतून जे दिसतं तेच. दर वर्षी त्या दिवसांत ग्रँड कॅनॉलवर तात्पुरता पूल टाकतात आणि गावचे लोक, आज्या, पोरं, शाळेतली मुलं, त्यावरून चालत मेणबत्ती लावायला जातात. देवळामागे जत्रा भरते, फुगे, तळलेल्या गोड पदार्थांच्या गाड्या. पर्यटकांचा नव्हे, घरच्यांचा सण. ज्या शहराच्या मुख्य बेटांवर आता पन्नास हजारही माणसं राहत नाहीत, तिथं त्या दिवशी ती सगळी एकदम दिसतात. एरवी ग्रँड कॅनॉल त्या जागी चालत ओलांडता येत नाही. परिषद १८-१९ ला संपत असेल तर तिकिटं त्या हिशोबानं काढा, आणि खोली आजच बघा, कारण त्या आठवड्यात मंदीतही दर थोडे वर जातात.